वाकड्या प्रजातीतला सरळ बीजाणू

लग्न होऊन धुळ्याला आले त्याच आठवड्यात कढीसाठी दही हवं म्हणून फ्रिज उघडला. दह्याच्या पातेल्याशेजारी काचेच्या चपट्या डब्या एकावर एक रचून ठेवलेल्या होत्या. वरची डबी उजेडात धरली, तर आत ओल्या टीपकागदावर ज्वारीचे दाणे ओळीने मांडलेले आणि दाण्यादाण्यावर काळी, मखमली बुरशी. मी ती डबी तशीच मोरीकडे घेऊन निघाले. मागून सासूबाईंचा आवाज आला, "ती धुवायची नाही. ती वाढवलेली आहे."

माझं माहेर सावद्याचं, वडिलांची केळीची बाग. आमच्याकडे बुरशी म्हणजे करपा. पानावर पिवळसर रेघा दिसल्या की घरात दुसरा विषय निघायचा नाही आणि फवारणीचे पंप बाहेर यायचे. बुरशी कुणी मुद्दाम वाढवतं आणि तिला घरात दह्याशेजारी जागा देतं, हे मला नवीनच होतं. मी डबी परत जागेवर ठेवली आणि दही न घेताच फ्रिज लावला.

सासूबाईंना सगळं घर अक्का म्हणायचं, मीही तेच म्हणू लागले. अक्कांनी धुळ्यातल्या एका महाविद्यालयात सगळी नोकरी वनस्पतिशास्त्र शिकवण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःसाठी एक जुना मायक्रोस्कोप विकत घेतला आणि पूर्वेच्या खिडकीखाली टेबलावर मांडला. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते. नवरा रेल्वेत, भुसावळला क्वार्टरमध्ये राहायचा आणि सुट्टीला घरी यायचा. त्यामुळे आठवडाभर घरात आम्ही दोघीच. मी पाटबंधाऱ्याच्या एका कार्यालयात आरेखक होते. सकाळी डबा घेऊन निघायची, संध्याकाळी यायची, तेव्हा अक्का खिडकीशी बसलेल्या असायच्या. एक डोळा नळीला आणि दुसरा उघडा. त्या फारसं बोलायच्या नाहीत. रागावल्या आहेत की कामात आहेत, हे कळायला मला पुष्कळ दिवस लागले.

एका रविवारी त्यांनी मला हाक मारून खुर्चीवर बसवलं आणि काय दिसतं ते सांगायला सांगितलं. मला माझ्याच पापण्या दिसल्या. मग डोळा थोडा मागे घे, भिंगाशी कुस्ती करू नको, असं त्या म्हणाल्या. हळूहळू पांढऱ्या गोलात तपकिरी काहीतरी तरंगू लागलं. लांबट, एका बाजूला वाकलेलं. त्यात तीन आडव्या भिंती होत्या, म्हणजे चार कप्पे झाले. टोकाचे दोन फिकट, मधले दोन गडद, आणि त्या दोघांतला एक चांगलाच फुगलेला.

"केळ्यासारखं आहे," मी म्हणाले.

अक्का हसल्या. या घरात आल्यापासून मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहत होते. त्यांनी सांगितलं की हा बुरशीचा बीजाणू, आणि असे दोन-तीन शेजारीशेजारी ठेवले तर एका केसाच्या जाडीत मावतील. या प्रजातीचं नाव कर्व्हुलेरिया, म्हणजे वाकडी. बुडापासून मोजत गेलं की तिसरी पेशी सगळ्यात मोठी आणि काळी असते. तिच्यामुळेच तो एका अंगाला वाकतो.

मग त्यांनी स्लाइड किंचित सरकवली आणि बीजाणू ज्यावर लागतात तो दांडा दाखवला. तो सरळ उभा नव्हता. गुडघ्यात वाकल्यासारखा थोडा इकडे, थोडा तिकडे असा वर चढत गेला होता. टोकाला एक बीजाणू लागला की दांडा त्याला बाजूला सारून शेजारून पुढे वाढतो, पुन्हा टोकाला दुसरा धरतो. प्रत्येक गुडघ्यावर एक गडद ठिपका होता. तिथून एक-एक बीजाणू सुटून गेला होता.

मी विचारलं, इतक्या बारीक गोष्टींना नावं देऊन कुणाचं काय होतं. प्रश्न उद्धट होता, पण अक्कांना तो तसा वाटला नाही. त्या म्हणाल्या की पूर्वी लांब, तपकिरी, आडव्या भिंतींचे असे सगळे बीजाणू एकाच मोठ्या प्रजातीत कोंबलेले होते. त्या प्रजातीच्या नावाचा अर्थच होता किड्यासारख्या बीजाणूंची. तेव्हा मक्यावरचा रोग, भातावरचा रोग आणि गवतावर नुसती राहणारी निरुपद्रवी बुरशी या सगळ्यांना एकच आडनाव होतं. मग कुणीतरी ते बीजाणू पाण्याच्या थेंबात ठेवून पाहिले. काहींना फक्त दोन टोकांतून कोंब फुटले, काहींना कुठल्याही पेशीतून. काहींचा देठाकडचा भाग पुढे आलेला होता. एका घराची चार घरं झाली. दोन्ही टोकांतून कोंब फुटणाऱ्यांचं नाव बायपोलारिस पडलं. "फक्त बघून केलं हे सगळं," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात कुणाचं तरी कौतुक होतं, ते कुणाचं हे मी विचारलं नाही.

त्या दिवसापासून रविवारचा थोडा वेळ खिडकीशी जाऊ लागला. त्या बघायच्या, मग मला बघायला लावायच्या, आणि मी काही बोलले की थांबवायच्या. "दिसतं ते सांग. वाटतं ते नको," हे वाक्य मी त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलं की कार्यालयात नकाशा तपासताना ते माझ्याच तोंडी यायला लागलं.

दुसऱ्या वर्षी अक्का वाचताना पान तिरकं धरू लागल्या. ओळीच्या मधलीच अक्षरं दिसत नाहीत म्हणाल्या. मी त्यांना जळगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं आणि सांगितलं की पडद्याचा मधला भाग झिजतो आहे. कडेचं दिसत राहील, समोरचं कमी होत जाईल. इंजेक्शनांनी वेग थोडा मंदावेल, गेलेलं मात्र परत येणार नाही. अक्कांनी एकच गोष्ट विचारली, मायक्रोस्कोपमध्ये पाहता येईल का. डॉक्टर म्हणाले, जे नेमकं मधोमध ठेवून पाहायचं असतं, तेच जाणार आहे.

परतीच्या बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या होत्या.  पारोळा येईपर्यंत मी काहीतरी धीराचं बोलायचं म्हणून मनात जुळवत होते, तेवढ्यात त्यांनीच विचारलं की मला शाईने रेघ मारता येते की आता सगळं संगणकावरच. मी सांगितलं, आयटीआयला शाईनेच शिकले, हात अजून आहे. त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटून घेतले. घरी पोचल्यावर चहा होण्याआधी त्यांनी कपाटातून एक लाकडी पेटी काढली. तिच्यात मायक्रोस्कोपच्या नळीवर बसवायचा छोटा आरसा होता. तो लावला की भिंगाखालचं चित्र टेबलावरच्या कागदावर पडल्यासारखं दिसतं आणि त्यावरून पेन्सिल फिरवता येते. तो बसवून त्यांनी मला खुर्ची दिली. स्वतः शेजारी स्टूल घेऊन बसल्या.

पहिलं चित्र मी मोठ्या अभिमानाने केलं. दोन्ही बाजू सारख्या, रेघ एकाच जाडीची. अक्कांनी कागद डोळ्यांच्या कडेशी धरून, मान वळवून, तिरकं पाहिलं. "हा कालवा नाही," त्या म्हणाल्या. "याची एक बाजू पोटाची आहे, एक पाठीची. भिंत बाहेरून जाड आहे का? आतल्या पेशी भिंतीला चिकटलेल्या आहेत की पिशवीत ठेवल्यासारख्या सुट्या?" मी पुन्हा पाहिलं. खरंच, आतल्या पेशी एका लांब पिशवीत एकापुढे एक ठेवलेल्या लहान पिशव्यांसारख्या होत्या. आठवडाभर पाहूनही मला ते दिसलं नव्हतं. त्यांना समोरचा कप दिसत नव्हता आणि भिंगाखालचं मात्र त्या मला विचारून विचारून बघत होत्या. गडद भागासाठी रंग भरायचा नाही, ठिपके द्यायचे, जवळजवळ दिले की गडद दिसतं, हेही त्यांनीच शिकवलं. एका बीजाणूला अख्खा रविवार लागायचा. कंटाळा आला असं मी कधी म्हणाले नाही, कारण तो आला नाही.

त्या वर्षी ज्वारी निसवून दाणे भरल्यावर परतीच्या पावसाने मुक्काम केला. सोनगीरहून नानांचा फोन आला. नाना म्हणजे सासऱ्यांचे धाकटे भाऊ, तिथे शेती बघतात. आम्ही बसने गेलो. किल्ल्याच्या बाजूच्या रानात ज्वारी उभी होती, पण कणसं धुरकट काळी पडली होती. नानांनी एक कणीस मोडून अक्कांच्या हातात दिलं.

"बठ्ठी ज्वारी काई पडी गई, वहिनी," ते म्हणाले. खरंच, सगळी ज्वारी काळी पडली होती.

अक्कांनी दाणे बोटांनी चोळले, वास घेतला, एक नखाने फोडला. नानांना औषध हवं होतं. अक्कांनी त्यांना सरळ सांगितलं की या वर्षी आता औषध नाही. जे बरं दिसतं ते लवकर कापून उन्हात पसरावं, आणि काळा दाणा गुरांनाही घालू नये. पुढच्या वर्षी मोकळ्या कणसाचं वाण घ्यावं, घट्ट कणसात पाणी धरून राहतं.  निघताना नानांनीच पाच-सहा कणसं कागदात बांधून दिली आणि तुमच्या कामाला तरी येऊ द्या म्हणाले.

ओल्या टीपकागदावर ते दाणे ठेवल्यावर थोड्याच दिवसांत काळी मखमल उगवली. मी स्लाइड करून सांगत गेले. वाकडे, तिसरी पेशी फुगलेली, पुष्कळ. आणि मधेच वेगळे. हे अजिबात वाकडे नव्हते. औषधाच्या कॅप्सूलसारखे सरळ, दोन्ही टोकं गोल, रंग सोनेरी तपकिरी, भिंती तीनच, आणि अगदी टोकाशी फिकट रंगाची बारीक कड.

अक्का लगेच म्हणाल्या, बायपोलारिस, आणि जातीचं नावही सांगितलं. तरी खात्री करायला हवी म्हणून त्यांनी मला ते पाण्याच्या थेंबात ठेवायला लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाण्याआधी पाहिलं, तर दोन्ही टोकांतून कोंब निघाले होते. अक्कांचा चेहरा खुलला. मी त्याचं चित्र काढायला घेतलं आणि ते माझं तोवरचं सगळ्यात चांगलं चित्र झालं, असं त्यांनीही मान्य केलं.

अक्कांच्या डोळ्यांचं कळलं म्हणून त्यांची एक जुनी विद्यार्थिनी जळगावहून भेटायला आली. ती आता तिकडे हाच विषय शिकवते. चहा झाला, जुन्या सहलींच्या आठवणी झाल्या. अक्कांनी मोठ्या हौशीने तिच्यापुढे माझं चित्र ठेवलं आणि खालचं नाव वाचून दाखवायला सांगितलं. तिने चित्राचं फार कौतुक केलं. नाव मात्र वाचलं नाही. अक्कांच्या ते लक्षात आलं.

"काय चुकलं?" त्यांनी विचारलं.

"चुकलं नाही, मॅडम. बदललंय."

मग तिने सांगितलं. डीएनए काढून या साऱ्या बुरशांची नाती तपासली गेली, तेव्हा बायपोलारिसमधल्या काही जाती त्या घरच्या नाहीतच असं दिसलं. त्या कर्व्हुलेरियाच्या निघाल्या, आणि ही त्यांतलीच एक. हे होऊन बरीच वर्षं झाली होती. अक्का निवृत्त झाल्यावर नवी नियतकालिकं त्यांच्याकडे यायची थांबली होती, आणि आता तर वाचण्याजोगे डोळेही उरले नव्हते.

"पण ही सरळ आहे," अक्का म्हणाल्या.

"हो. सरळ आहे, पण वाकड्यांचीच आहे."

अक्कांनी आणखी काही प्रश्न विचारले, कोणती जनुकं पाहिली, किती जाती हलवल्या. ती अवघडून उत्तरं देत होती. जाताना तिने मला दारात बाजूला घेतलं आणि बोलायला नको होतं का, असं विचारलं.  आत अक्का टेबलावर हात ठेवून बसल्या होत्या. त्या संध्याकाळी त्यांनी बातम्या लावल्या नाहीत. भाकरी अर्धीच खाल्ली. आयुष्यभर शिकवलेली गोष्ट हातातून काढून घेतली गेली की माणसाचं काय होतं, या विचाराने मीच बेचैन होते.

सकाळी उठले तर त्या आधीच अंघोळ करून खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसलेल्या. मला म्हणाल्या, आज उशिरा गेलीस तर चालेल का. मी कार्यालयात फोन केला. त्यांना दोन्ही स्लाइड हव्या होत्या, वाकडा आणि सरळ, एकामागून एक. नातं असेल तर ते अंगावर कुठेतरी दिसलंच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मी आलटून पालटून बघत होते आणि त्या विचारत होत्या. दांडा? दोघांचाही गुडघ्यांचा. डाग? गडद, सारखाच. पण ते तर खऱ्या बायपोलारिसलाही असतं, त्या म्हणाल्या, त्यावरून काही ठरत नाही. दोन टोकांतले कोंब वाकड्यांनाही फुटतात, तेही बाद. मग त्यांनी भिंती विचारल्या.

"याला तीन. त्यालाही तीनच."

त्यांनी मला घरी जपून ठेवलेल्या पेटीतल्या इतर बायपोलारिसच्या स्लाइड लावायला सांगितल्या. तिथे मी मोजायला लागले तर सहा, सात, आठ भिंती. लांब, दोन्ही टोकांकडे निमुळते होत गेलेले बीजाणू. आमच्या सरळ कॅप्सूलचा त्यांच्याशी तोंडवळा जुळत नव्हता. तो आखूड होता, थोड्या भिंतींचा होता, अगदी वाकड्यासारखा. फक्त त्याची तिसरी पेशी फुगलेली नव्हती म्हणून तो वाकला नव्हता.

अक्कांनी गुडघ्यावर हलकी थाप मारली. "भिंती मोजल्या होत्या," त्या म्हणाल्या. "फळ्यावर लिहून दिल्या होत्या. भार मात्र वाकडेपणावर दिला. समोर होतं गं सगळं."  मला वाटलं होतं त्यांना वाईट वाटतंय. वाईट वाटलंही असेल, आदल्या संध्याकाळी नक्कीच. पण त्या क्षणी त्या एखादं अडलेलं गणित सुटल्यासारख्या खूश होत्या. मी त्यांच्यासाठी काळजी करत असताना त्या रात्रभर त्या सरळ बीजाणूचाच विचार करत असणार.

एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. त्यांनी आपल्या जुन्या महाविद्यालयात फोन केला आणि शेवटच्या वर्षाच्या वर्गाचा एक तास मागितला. विभागप्रमुख त्यांच्याच हाताखाली शिकवायला लागलेले गृहस्थ. त्यांनी आनंदाने होकार दिला, त्यांना वाटलं मॅडम आठवणी सांगायला येणार.

मी रजा काढून त्यांना रिक्षाने घेऊन गेले. प्रयोगशाळेच्या पायऱ्या त्या कठड्याला न धरता चढल्या, किती आहेत ते पायांना ठाऊक होतं. मुलं-मुली उंच स्टुलांवर बसली होती. अक्कांना त्यांचे चेहरे दिसत नव्हते. मान थोडी वळवून, डोळ्यांच्या कडेने, त्या वर्गाकडे पाहत उभ्या राहिल्या. माझी दोन चित्रं भिंतीला लावली होती.

त्यांनी काही प्रस्तावना केली नाही. या खोलीत मी ही बुरशी बायपोलारिस म्हणून शिकवली, कपाटातल्या स्लाइडवर माझ्या अक्षरात तेच लिहिलेलं आहे, ते आता बरोबर नाही, आणि हे मला माझ्या विद्यार्थिनीने शिकवलं, एवढं त्यांनी सांगितलं. मग चित्रांकडे वळून दांडा, डाग, भिंती, सगळं पहिल्यापासून समजावलं. जिथे बोट ठेवायचं तिथे मला हात धरून ठेवायला सांगत होत्या.  मागच्या स्टुलावरच्या एका मुलीने विचारलं, मग हेही उद्या बदललं तर?

"बदलेल," अक्का म्हणाल्या. "तुला आधी कळलं, तर मला येऊन सांग."

तास झाल्यावर त्यांनी कपाट उघडायला लावलं. जुन्या पेट्या खाली आल्या आणि मी टेबलाशी बसून नव्या चिठ्ठ्यांवर नावं लिहू लागले. अक्का प्रत्येक पेटी हातात घेऊन ती कुठल्या वर्षीच्या कुठल्या सहलीची ते मुलांना सांगत होत्या. बऱ्याच स्लाइड वाळून गेल्या होत्या, काही फुटल्या होत्या, त्या त्यांनी बाजूला काढायला सांगितल्या. विभागप्रमुखांनी शाल आणि नारळ आणवला होता. अक्कांनी नारळ घेतला, शाल परत दिली. तेव्हा ते ओशाळून म्हणाले की मॅडम, प्रयोगशाळेची अवस्था काही चांगली नाही, दोन मायक्रोस्कोपच्या तर भिंगांनाच पावसाळ्यात बुरशी धरली, आता पुसायला पाठवायचे आहेत.

अक्कांनी मान वर केली. पुसण्याआधी ती कोणती आहे ते पाहिलं का, असं त्यांनी विचारलं. कुणी पाहिलं नव्हतं. मघाची ती मुलगी उठली आणि कपाटातून त्यांतला एक मायक्रोस्कोप घेऊन आली. अक्कांनी पदर खोचला, तिला शेजारी बसवलं, आणि भिंगाच्या कडेवरून हलक्या हाताने थोडंसं कसं खरवडून घ्यायचं ते सांगू लागल्या. मी नारळ पिशवीत टाकला आणि चांगल्या मायक्रोस्कोपला खिडकीच्या उजेडाकडे वळवून ठेवलं.